ड्रॉप सेट मारून मारूनही वजन हलत नाही? मग हे तपासा

प्रश्न कायम एकच असतो, फक्त व्यायामाचं नाव बदलतं. "बेंच दोन महिने 60 किलोवरच आहे. ड्रॉप सेट करतो, नेगेटिव्ह करतो, शेवटचे तीन रेप्स पार्टनर हात लावून काढून देतो. तरी ढिम्म. आता कुठलं तंत्र लावू?"

(नव्यांसाठी: रेप म्हणजे व्यायामाची एक पूर्ण वर-खाली हालचाल, सेट म्हणजे सलग मारलेले रेप्स, बेंच म्हणजे आडवं पडून छातीवरून बार वर ढकलणं. ड्रॉप सेट म्हणजे सेट संपताच वजन उतरवून पुढे चालू ठेवणं, नेगेटिव्ह म्हणजे जड वजन हळू खाली सोडणं.) हा बिघाड मी स्वतःच्या अंगावर तीनदा दुरुस्त केलाय आणि शेजारी व्यायाम करणाऱ्यांच्या वह्या चाळून आणखी कितीतरी वेळा. त्यात नवं तंत्र लावून गाडी सुटली असं क्वचितच झालं. बहुतेक वेळा काहीतरी काढून टाकावं लागलं.

लक्षणं

तुमचा बिघाड हाच आहे का, ते आधी बघून घ्या.

- मुख्य व्यायामात चार-सहा आठवडे ना वजन वाढलं, ना रेप्स.
- पंप जबरदस्त येतो, म्हणजे व्यायाम करताना स्नायू टम्म फुगतो, हात जळतात, पण टेपवर दंड तेवढाच.
- पहिला सेट चांगला जातो आणि दुसऱ्यापासून रेप्स धडाधड पडतात.
- वॉर्मअपचं वजनसुद्धा आताशा जड लागतं.
- कोपर, खांदा किंवा गुडघा सारखा कुरकुरतो. एकाच जागी, रोज.
- जिमला जायचं जिवावर येतं, आणि रात्री झोपही नीट लागत नाही.

पहिली तीन असतील तर दोष बहुधा वरच्यावर सापडेल. शेवटची तीन असतील तर थकवा साचलाय, तुम्हाला पुढे जास्त खोल जावं लागेल. आणि व्यायाम सुरू करून सहा महिनेही झाले नसतील तर तुम्हाला यातलं एकही तंत्र लागत नाही. सरळ सेट मारा, वजन वाढवत जा, पहिल्या चार तपासण्या वाचा आणि उठा.

वही उघडा

फुकटातली तपासणी, म्हणून पहिली. खरंच अडकलंय की तसं वाटतंय? वजन तेच असलं तरी रेप्स वाढले असतील तर ताकद वाढलेली असते. ढोबळ हिशेबाला एक सूत्र आहे: रेप्सना 30 ने भागा, त्यात 1 मिळवा आणि उचललेल्या वजनाने गुणा. 60 किलो 8 वेळा म्हणजे एका रेपची कमाल ताकद साधारण 76 किलो. तेच 60 किलो 10 वेळा म्हणजे 80. वहीत दोन्हीकडे "बेंच 60" लिहिलेलं असतं आणि माणूस उगाच हताश होतो. दहा-बारा रेप्सच्या पुढे हे सूत्र भरवशाचं नाही, एवढं ध्यानात ठेवा.

वही नसेल तर इथेच थांबा. दोन आठवडे लिहा, मग पुढे या. आठवणीवर चालणारा माणूस त्याचा सगळ्यात चांगला दिवस लक्षात ठेवतो आणि प्रत्येक दिवसाची तुलना त्याच्याशी करतो.

लिहिताना मदतीचे रेप्स वेगळे लिहा. एकाच्या वहीत पानभर "70 × 8" होतं. सेट बघायला उभा राहिलो, तर सहाव्या रेपपासून पार्टनरची बोटं बारखाली. तोंडाने "सगळं तुझंच आहे, भाऊ, सगळं तुझंच!" चाललेलं आणि त्याचे स्वतःचे खांदे कानापर्यंत आलेले. तो सेट होता 70 × 5. वहीत 5 + 3 लिहायला लागल्यावर दोन महिन्यांचं कोडं दहा मिनिटांत सुटलं: त्याने 70 कधी कमावलंच नव्हतं. 62.5 वर आणलं आणि तिथून वजन पुन्हा चढायला लागलं.

घड्याळ लावा

दोन सेटमध्ये तुम्ही खरंच किती थांबता? अंदाज सांगू नका, मोबाइलवर टायमर लावून बघा. स्नायूतला झटपट इंधनसाठा, म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट, अर्ध्या मिनिटात साधारण अर्धा भरतो आणि पुरता भरायला तीन ते पाच मिनिटं घेतो. मिनिटभरात पुन्हा बारखाली शिरलात तर रेप्स 10, 6, 4 असे कोसळणारच. तीन मिनिटं थांबून तेच 10, 9, 8 होतात. बेरीज करा: 20 विरुद्ध 27, वजन तेच, सेट तेवढेच.

स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट, रोइंगला दोन ते तीन मिनिटं, जड असेल तर त्याहून जास्त. बायसेप्स कर्ल किंवा साइड रेजला (डंबेल बाजूने खांद्यापर्यंत उचलणं) मिनिट-दीड मिनिट पुरतं. घाम येत राहावा म्हणून विश्रांती कापणं ही सवय माझ्यातही होती. तिला मी बरीच वर्षं तीव्रता समजत होतो. वेळ कमी असेल तर विश्रांती छाटण्यापेक्षा विरुद्ध स्नायूंची जोडी लावा, म्हणजे सुपरसेट. छातीचा एक सेट, मग पाठीचा एक. एक काम करतो तेव्हा दुसरा थांबलेला असतो.

उडी किती मोठी आहे ते बघा

हे इतकं साधं आहे की कुणी बघतच नाही. 60 वरून 62.5 म्हणजे जेमतेम चार टक्के वाढ. पण साइड रेजमध्ये 5 किलोच्या डंबेलवरून 7.5 वर जाणं म्हणजे थेट 50 टक्के. खांदा अडकलेला नसतो, रॅकवरचे डंबेल लांब लांब अंतरावर असतात. अशा वेळी रेप्सची शिडी लावा: 10 ते 20 हा पट्टा ठरवा, सगळ्या सेटना 20 येईपर्यंत वजनाला हात लावू नका. बारबेलसाठी सव्वा किलोच्या दोन प्लेट्स शोधून ठेवा. जिमच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या असतात, कारण त्या लावायची लाज वाटते.

मशीन बदललं असेल तर आकडेही बदलतात. पुलीची रचना वेगळी असली की एका केबलवरचे 40 दुसरीवर 25 सारखे लागतात. ही ताकदीची घट नव्हे.

मोबाइल बाजूला उभा करून शूट करा

समोरून नको, बाजूने. पहिला रेप आणि शेवटचा रेप एकाखाली एक बघा. दोन गोष्टी तपासायच्या आहेत.

पहिली, खोली. वजन वाढत गेलं तसा स्क्वॉट वर वर येत गेलाय का? बेंचचा बार छातीच्या चार बोटं वरूनच परततोय का? तसं असेल तर गेल्या तीन महिन्यांत व्यायाम लहान होत गेला आणि आकडे त्याच्यामुळे वाढत राहिले. आता लहान करायलाही जागा उरली नाही, म्हणून अडकल्यासारखं वाटतंय. वजन 10-15 टक्के उतरवा आणि पूर्ण खाली जा. ताणलेल्या अवस्थेत पडणारा भार वाढीसाठी मोलाचा असतो आणि आपण नेमका तोच कापत असतो.

दुसरी, वेग. सेट खरोखर संपत आला की शेवटचे दोन-तीन रेप्स आपोआप मंदावतात. जोर पूर्ण असतो पण बार मुंगीच्या पावलाने चढतो. तुमचा दहावा रेप पहिल्याइतक्याच झोकात वर जात असेल तर तो सेट संपलेला नाही. तुम्ही थांबलात.

शिल्लक किती होते?

सगळ्यात जास्त गडबड मला इथे सापडते, आणि ती मान्य करायला सगळ्यात जड जाते.

एक सुरक्षित मशीन घ्या. लेग एक्स्टेन्शन किंवा बसून करायचं चेस्ट प्रेस मशीन. नेहमीचं वजन लावा. नेहमीच्या आकड्याला पोचलात की मनात म्हणा, "अजून दोन निघतील." आणि मग थांबू नका. नीट पद्धतीने एकही रेप वर जाणार नाही तिथपर्यंत जा. दोन म्हणणाऱ्यांचे सहा-सात निघालेले मी पाहिलेत. एकीने बारावर थांबायची सवय लावून घेतली होती, तिचे त्या दिवशी एकोणीस झाले. ती मशीनकडे बघत राहिली, मी वहीकडे. तिला वर्षभराचे सेट आठवत असणार.

याला महत्त्व का, तर शरीर स्नायूतले तंतू एकदम कामाला लावत नाही. आधी छोटे, चिवट गट येतात. मोठे, ताकदवान आणि फुगण्याची क्षमता जास्त असलेले गट गरज पडल्यावरच येतात. वजन जड असेल तर ते पहिल्या रेपपासून हजर असतात. हलकं असेल तर सेट संपत आल्यावर. म्हणून कमाल वजनाच्या 30 टक्क्यांसारख्या हलक्या भारानेही आकार वाढतो, मात्र सेट शेवटापर्यंत न्यावा लागतो. ताकदीचं तसं नाही. जड उचलायचं कौशल्य जड उचलूनच येतं.

उरलेले रेप्स शून्य ते तीनच्या आत असले की आकारासाठी सेट चांगला. मुख्य जड व्यायामात एक-दोन राखून ठेवा, मशीन आणि केबलवर शेवटच्या सेटला शून्यापर्यंत गेलात तरी चालतं.

जळजळीला यात मोजू नका. ड्रॉप सेटमध्ये जळजळ भरपूर होते, त्यामुळे मेहनत झाली असं वाटतं, आणि जो मूळ सेट त्याच्या आधी मारला तो चार रेप्स शिल्लक ठेवून सोडलेला असतो. अशा माणसाला तंत्र काढून घेतलं की राग येतो. पण मूळ सेट नीट मारल्यावर तंत्राला ताकदच उरत नाही, हीच त्याची खूण.

तंत्रांचा हिशेब

आता वही पुन्हा घ्या आणि आठवड्याचे सेट स्नायूनुसार मोजा. बहुतेकांना एका स्नायूला आठवड्याला 10 ते 20 कसदार सेट पुरतात. ड्रॉप सेट वहीत एकाच ओळीत मावतो, पण शरीर त्याला एक धरत नाही. मी थकव्याच्या खात्यात त्याचे दोन धरतो, नेगेटिव्ह सेटचेही दोन. हा माझा अंदाजाचा नियम, पण त्याने डोळे उघडतात. छातीचे 14 सेट म्हणणाऱ्याचे या हिशेबाने 25 निघतात आणि ट्रायसेप्सचे त्याहून जास्त, कारण प्रत्येक प्रेसमध्ये ते राबलेलेच असतात.

मग प्रत्येक तंत्राला विचारा: तू इथे कशाला आहेस?

ड्रॉप सेट. सेट संपला की लगेच 20-25 टक्के वजन उतरवून पुढे चालू. याचा खरा फायदा वेळेचा आहे. तेवढंच काम सरळ सेटमध्ये केलं तर आकारात फारसा फरक पडत नाही, फक्त वेळ जास्त जातो. मशीन, केबल, डंबेल, शेवटचा सेट, बस. ताकदीसाठी याचा उपयोग जवळपास नाही, आणि बेंच अडकलं म्हणून बेंचवर ड्रॉप सेट लावणं हीच सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

रेस्ट-पॉज. सेट संपला, 15-20 सेकंद श्वास, तेच वजन घेऊन निघतील तेवढे रेप्स, पुन्हा श्वास, पुन्हा. वर सांगितलेला इंधनसाठा थोडा थोडा भरत राहतो, म्हणून हे चालतं. मला ड्रॉप सेटपेक्षा हे आवडतं. वजन बदलायची धावपळ नाही आणि वहीत मोजता येतं: 12 + 4 + 3.

क्लस्टर. याचं नाव कमी ऐकू येतं, पण ताकद अडकली असेल तर मी आधी याच्याकडेच जातो. जे वजन सलग पाच वेळा निघतं ते दोन-दोन रेप्सच्या तुकड्यांत उचला, मध्ये 20-30 सेकंद. असे तीन तुकडे म्हणजे सहा रेप्स, आणि एकही रेप मुंगीच्या पावलाने नाही. इथे दमायचं नसतं, म्हणून लोकांना काही केल्यासारखं वाटत नाही.

नेगेटिव्ह. खाली सोडताना स्नायू वर उचलण्यापेक्षा जास्त वजन पेलतो, म्हणून जड वजन हळू सोडायचं. काम करतं, पण किंमत मोठी. अंगदुखी सर्वांत जास्त यानेच येते, आणि स्नायू दोन-तीन दिवसांत सावरला तरी हाडाला जोडणारे कंडरे तेवढ्या लवकर सावरत नाहीत. मी एका उत्साहाच्या काळात पुल-अपचे नेगेटिव्ह आठवड्यात तीनदा केले. पाचव्या आठवड्यात उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला अशी कळ बसली की पाण्याने भरलेली बादली उचलता येईना. चार महिने गेले. फार तर आठवड्यातून एकदा, एका व्यायामात, दोन सेट.

जबरीचे रेप्स, म्हणजे पार्टनरच्या मदतीचे. माझ्या मते सर्वांत निरुपयोगी. मदत किती झाली ते कुणालाच कळत नाही, त्यामुळे प्रगती मोजता येत नाही. पार्टनर ठेवा, पण बार अडकला तर उचलायला.

सुपरसेटचं वर सांगितलं. आणि सेट संपल्यावर ताणलेल्या भागातले अर्धे रेप्स, पिंढऱ्यांसाठी करून बघा, मजा येते.

इथे हमखास एकजण डोरियन येट्स या ब्रिटिश शरीरसौष्ठवपटूचं नाव काढतो. 1992 ते 1997 सलग सहा वेळा मिस्टर ऑलिंपिया, आणि प्रत्येक व्यायामात मोजके पण जीव तोडून मारलेले सेट. खरं आहे. पण त्यांचे सेट मुळात थोडे होते, तुमच्यासारखे पंचवीस नव्हते. आणि त्याच कारकिर्दीत त्यांचा बायसेप्स फाटला, पुढे ट्रायसेप्सही. त्याच्याही खूप आधी, 1940 च्या दशकात, थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी जखमी सैनिकांचे पाय बळकट करायला तीन सेटची पद्धत वापरात आणली: दहा रेप्सच्या कमाल वजनाच्या अर्ध्याने दहा, पाऊणाने दहा, पूर्ण वजनाने दहा. कष्टाचा सेट एकच. मला अडकलेल्या माणसाला दाखवायला हे उदाहरण जास्त सोयीचं पडतं.

खाणं-झोप

लवकर उरकतो, कारण हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी मोजत नाही. प्रथिनं दिवसाला शरीराच्या किलोमागे 1.6 ग्रॅम, म्हणजे 70 किलोच्या माणसाला साधारण 112 ग्रॅम. तीन दिवस वजनकाट्यावर मोजून खा, मगच "भरपूर खातो" म्हणा. झोप सात तासांच्या वर. शरीराचं वजन दोन महिने जागचं हललं नसेल आणि व्यायाम जुना असेल तर आकार कुठून येणार? पूरकांपैकी क्रिएटिन, रोज 3 ते 5 ग्रॅम, एवढंच मी सांगतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तेही डॉक्टरांना विचारूनच.

एक आठवडा उतरवा

आतापर्यंतच्या सगळ्या तपासण्या स्वस्त होत्या. ही महाग आहे, कारण अहंकार मोजावा लागतो. एक आठवडा सेट निम्मे, वजन थोडं कमी, प्रत्येक सेटला चार-पाच रेप्स शिल्लक, तंत्र एकही नाही. घामही धड येणार नाही.

ही दुरुस्तीही आहे आणि निदानही. पुढच्या आठवड्यात वजन फुलासारखं उचललं गेलं तर ताकद तुमच्यात होतीच, थकव्याखाली दबली होती. तसं झालं तर जुना कार्यक्रम जसाच्या तसा परत सुरू करू नका, नाहीतर सहा आठवड्यांनी इथेच भेटू. काहीच फरक पडला नाही तर दोष कार्यक्रमाच्या रचनेत आहे.

कार्यक्रम नव्याने बांधा

सर्वांत कष्टाचं काम, आठ आठवड्यांचं. ताकद आणि आकार यांची खाती वेगळी करा. दिवसाचा पहिला व्यायाम ताकदीचा: कमाल वजनाच्या 80-85 टक्क्यांनी 3 ते 5 रेप्स, तीन-चार सेट, एक-दोन रेप्स शिल्लक, तीन मिनिटं विश्रांती. हवं तर क्लस्टर. त्यानंतरचे व्यायाम आकाराचे: 8 ते 15 रेप्स, शिल्लक कमी. आणि तंत्र? एका स्नायूला, दिवसाच्या शेवटच्या व्यायामाच्या शेवटच्या सेटला, एकच.

दर वेळी एकच गोष्ट बदला आणि तीन आठवडे तिला हात लावू नका. विश्रांती, व्यायाम, तंत्र असं तिन्ही एका सोमवारी बदललंत तर सुधारलं तरी कशाने ते कळणार नाही.

अडकलेला बेंच एकट्याने तपासणार असाल तर रॅकचे आडवे सुरक्षा दांडे छातीच्या पातळीला लावूनच. मानेवर बार आलेला एक माणूस मी पाहिलाय, दुसरा बघायचा नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला गाठा

आठ आठवडे प्रामाणिक वही ठेवून, वरचं सगळं करूनही आकडा हलला नाही तर चांगल्या प्रशिक्षकाला तुमचे सेट प्रत्यक्ष दाखवा. स्वतःच्या पाठीचा कोन स्वतःला दिसत नाही. कुणी वही न बघता थेट स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर तो प्रशिक्षक बदला.

एकाच सांध्यात दोन आठवड्यांपेक्षा जास्त दुखत असेल, रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, हातापायाला मुंग्या येत असतील किंवा पकड ढिली पडत असेल तर फिजिओथेरपिस्टकडे. त्या सांध्यावरचं तंत्र त्या दिवसापासून बंद.

आठवडाभर हलका व्यायाम आणि पुरेशी झोप झाल्यावरही थकवा हटत नसेल तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन किंवा थायरॉइडची भानगड ड्रॉप सेट कमी करून सुटत नाही. रक्तदाब जास्त असलेल्यांनी श्वास रोखून जड वजन उचलण्याआधी, अडकण्याची वाट न बघता, विचारायला हवं.

आणि यासाठी एक दिवसही थांबू नका: उचलताना "टक्" आवाज होऊन स्नायूचा आकार बदलला किंवा काळंनिळं पडलं; छातीत दुखलं, भोवळ आली; जोर लावताना अचानक असह्य डोकं दुखलं; किंवा दांडगा व्यायाम झाल्यावर स्नायू दगडासारखा सुजला आणि लघवी चहाकाढ्यासारखी गडद झाली. शेवटच्या प्रकारात फुटलेल्या स्नायूंतले घटक मूत्रपिंडावर येतात. बऱ्याच खंडानंतर परतलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी नेगेटिव्ह मारले की हे होऊ शकतं. पाणी पीत घरी बसू नका, थेट रुग्णालयात जा, आणि जाताना वही सोबत न्या. कुठला व्यायाम, किती सेट, कधी केला, हे डॉक्टर विचारतातच.